उजवीकडे ओढणारी बर्फगाडी

राजानंद वाघमारेला नव्या बर्फगाडीने चौथ्यांदा खाली पाडलं, तेव्हा त्याने आधीच्या तीन वेळांसारखंच आजूबाजूला कोण बघतंय ते पाहिलं आणि मगच हाडं चाचपली. बघत होती एक म्हातारी आणि तिचा कुत्रा. कुत्र्याने तोंड फिरवलं, त्याला निदान रीतभात होती. म्हातारीने मात्र काठी टेकून बर्फातला तो चर सावकाश न्याहाळला. सुरुवातीला सरळ, मग उजवीकडे, आणखी उजवीकडे, आणि शेवटी थेट खड्ड्यात. "शीफ," ती म्हणाली. जर्मनमध्ये म्हणजे वाकडं. या देशात पडलेल्या माणसाला उचलण्याआधी तो नियमानुसार पडला की नाही ते तपासतात, असं राजानंद दात-ओठ खात पुटपुटला. पुढे तिनेच त्याला हात देऊन उठवलं, ही गोष्ट त्याने घरी कुणाला सांगितली नाही.

ज्यांनी बर्फगाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं, आणि ज्यांनी पाहिली आहे त्यांनी निदान राजानंदसमोर तोंड उघडू नये. पुढे दोन स्की, मागे दातेरी पट्टा, मध्ये इंजिन आणि वर हँडल, एवढाच ऐवज. टानेनब्रुक गावच्या स्की फेराइनची, म्हणजे तिथल्या स्कीवाल्यांच्या मंडळाची, जुनी गाडी ऐसपैस होती. माणूस सोफ्यावर बसावा तसा तिच्यावर बसायचा, अंगठ्याने रेस द्यायचा, आणि मागे जोडलेला लोखंडी सांगाडा बर्फात दोन समांतर रेघा ओढत यायचा. या रेघांना लोइपे म्हणतात. लांब पल्ल्याचे स्कीवाले त्यात स्की घालून श्वार्त्सवाल्डच्या झाडीतून तासन् तास घसरत जातात. नऊ हिवाळे त्या रेघा राजानंदने ओढल्या होत्या.

नोव्हेंबरात जुन्या गाडीच्या इंजिनाने जीव सोडला, आणि फेराइनने ऑस्ट्रियातल्या कुठल्याशा हॉटेलवाल्याकडून ही सेकंडहँड डोंगरी गाडी उचलून आणली. डोंगरी म्हणजे अरुंद, लांबट आणि अंगात आल्यासारखी. सीट असते, पण चालवणाऱ्याने तिच्यावर बसायचं नाही. दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर उभं राहायचं. वळवायची ती हँडलने नाही, अंगाने. आपण डावीकडे झुकलो की ती डावीकडे कलते आणि वळते. दोनशे बारा पानांचं जर्मन माहितीपुस्तक राजानंदने चार रंगांच्या पेनांनी रंगवत वाचून काढलं, तरी त्याचा संताप कमी झाला नाही. "वळायला हँडल दिलंय ना? मग कंबर कशाला मध्ये?" हा प्रश्न त्याने बायकोला, अरुणाला, इतक्यांदा विचारला की शेवटी तिने फोडणीचा पंखा मोठा करून ठेवला.

आता एवढा जीव का जाळायचा, असं कुणी म्हणेल. शेजारचा सुधीर म्हणालाच. पण राजानंदचं दुखणं सुधीरला कळणारं नव्हतं. बॉबलिंगेनमधल्या कंपनीत राजानंद टीममधला एक होता, बुर्गरआम्टच्या सरकारी कचेरीत हातात धरलेला नंबर होता, आणि इमारतीच्या जिन्यात 'तिसऱ्या मजल्यावरचे, कागदाच्या डब्यात प्लास्टिक टाकणारे' होता. (ते प्लास्टिक सुधीरचं होतं, पण ते असो.) एकट्या टानेनब्रुकमध्ये, फेराइनच्या लाकडी घरात, भिंतीवर एक खिळा होता, खिळ्यावर गाडीची किल्ली होती आणि खिळ्याखाली पितळी पट्टीवर कोरलेलं होतं : वाघमारे. शनिवारी सकाळी अनोळखी माणसं त्याच्यापाशी थांबून लोइपेकडे बोट दाखवत म्हणायची, "श्नुअरगेराडं, हेर वाघमारे!" म्हणजे दोरी धरल्यासारखी सरळ. अकरा वर्षांत जर्मनीने त्याचं केलेलं एवढंच कौतुक, आणि ते त्याला महिनाभर पुरायचं.

ती किल्ली आता जायच्या बेतात होती. फेराइनचे अध्यक्ष हेर फ्लूगर हे मोजणी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. जंगलात मोटर चालवायची तर सरकारी परवाना लागतो, परवान्यावर गाडीचा नंबर असतो, गाडी बदलली म्हणजे परवाना बदलला, आणि परवाना बदलला म्हणजे चालकाने नव्या गाडीची परीक्षा दिलीच पाहिजे, असं त्यांनी गणित मांडलं. कुरणात अर्ध्या किलोमीटरवर दोन काठ्या रोवल्या. एका काठीपासून दुसरीपर्यंत सरळ रेघ ओढायची. संधी तीन. नाही जमलं तर किल्ली त्यांच्या जावयाकडे, आंद्रेआसकडे. दोन संधी राजानंदने खड्ड्यात घातल्या होत्या. तिसरी शनिवारी दुपारी दोन वाजता होती आणि रविवारी सकाळी मुलांची शर्यत. त्या शर्यतीत राजानंदची तेरा वर्षांची लेक मैत्री धावणार होती. आपल्या पोरीने आंद्रेआसने ओढलेल्या रेघेतून धावायचं, या विचाराने राजानंदला घास गिळवत नव्हता.

त्यात फोटोचं लचांड निघालं. परवान्याच्या अर्जाला फोटो हवा, तोही पासपोर्टच्या मापाचा आणि शिस्तीचा. फेराइनच्या चिटणीस फ्राउ क्युन्झ्ले यांनी पहिला फोटो पट्टी लावून पाहिला आणि परत केला. मान उजवीकडे कलली आहे, म्हणाल्या. राजानंदने दुसरा काढला. तोही परत. तिसऱ्या वेळी त्याने फोटोच्या दुकानातल्या बाईला मागे उभं राहून डोकं धरायला सांगितलं, तर तिची दोन बोटं फोटोत आली. "माझी मान ही माझी मान आहे!" राजानंद फ्राउ क्युन्झ्लेंवर ओरडला. जर्मनमध्ये ओरडताना क्रियापद शेवटी येईस्तोवर रागातली निम्मी हवा निघून जाते, हे त्याचं जुनंच दुःख. फ्राउ क्युन्झ्लेंनी शांतपणे लिहून घेतलं : फोटो प्रलंबित.

घरी सल्ल्यांची जत्रा भरली होती. वरच्या मजल्यावरचा सुधीर मूळचा पुण्याचा. त्याने बर्फगाडी आयुष्यात पाहिली नव्हती, त्यामुळे त्याचं मत पक्कं होतं.

"राजाभाऊ, सगळं कमरेत आहे. मी काल चार व्हिडिओ बघितले. तुम्ही घाबरून उभे राहता, हा प्रॉब्लेम आहे. रिलॅक्स व्हायला पाहिजे. आल्झो, चला, सोफ्याच्या हातावर उभे राहा बघू."

"मी घाबरत नाही," राजानंद म्हणाला.

"गेनाऊ, अगदी बरोबर. तेच दाखवा."

रागाच्या भरात राजानंद सोफ्याच्या हातावर चढला. हातात केरसुणीचा दांडा, समोर सुधीर 'लेफ्ट, राइट' करत. दीड मिनिटाने राजानंद उजवीकडे कोसळला, तो अरुणाने सहा वर्षं जपलेल्या कढीपत्त्याच्या कुंडीवर. कढीपत्ता गेला. खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या आणि ही दुपारच्या शांततेची वेळ आहे, एवढंच सांगून गेल्या. मैत्रीने मोबाइलमधून डोकं न काढता म्हटलं, "पापा, एस इस्ट डोख नुअर आइन श्लिटन." तिच्या मते ती फक्त एक घसरगाडी होती. अरुणा काहीच बोलली नाही. ती माती भरत राहिली. त्या न बोलण्याचा त्याला जास्त राग आला.

"बोल की! तू पण बोल!"

"काय बोलू? सोफ्यावर सुधीरभाऊजींनी चढवलं, आणि तुम्ही चढलात," अरुणा म्हणाली. "आणि ते बूट घातलेत ना, त्याची उजवी टाच बघा. तीन महिन्यांत झिजवलीत. दर वेळी उजवीच. माणूस चालतो की नांगरतो?"

बुटांचा आणि बर्फगाडीचा काय संबंध, असं राजानंद गरजला आणि त्याने टेबलाशी बसून तक्रारअर्ज लिहायला घेतला. गाडी जन्मजात उजवीकडे ओढते, असं त्याने त्या ऑस्ट्रियन हॉटेलवाल्याला पाच पानी कळवलं. सोबत खड्ड्यांचे फोटो आणि चराची आकृती. उत्तर एका ओळीत आलं. गाडीने आमच्याकडे सहा वर्षं कुणालाही उजवीकडे नेलं नाही, शुभेच्छा. त्या 'शुभेच्छा'वर राजानंद दोन दिवस धुमसला.

मग त्याने शेवटचा उपाय म्हणून मेहुणीला बोलावलं. अरुणाची धाकटी बहीण क्रांती कार्ल्सरूहेच्या विद्यापीठात वाहनांच्या तोलावर संशोधन करते. शुक्रवारी ती टानेनब्रुकला आली ती लेझर, वजनकाटे आणि लॅपटॉप घेऊनच. तीन तास तिने गाडी उलटीपालटी करून मोजली. राजानंद शेजारी उभा राहून प्रत्येक आकड्याला "बघ, बघ, सापडेल," म्हणत होता. सापडलं काहीच नाही.

"भाऊजी, गाडी सरळ आहे. केसाइतकाही फरक नाही," क्रांती म्हणाली. "आता उरलं कोण?"

"म्हणजे?"

"म्हणजे गाडी आणि तुम्ही असे दोघंच होतात खड्ड्यात."

मेहुणी असल्यामुळे त्याला तिच्यावर ओरडता येईना. राजानंदने लालबुंद होऊन लेझरच्या तिवईला लाथ मारली, आणि ती लागली नाही म्हणून तो आणखी चिडला. क्रांतीला त्याची कीव आली. तिने तोडगा सुचवला. गाडीच्या डाव्या अंगाला वजन बांधायचं, वीसेक किलो. बासमतीची पोती घरात होतीच. राजानंद तसाच हेर फ्लूगरांकडे गेला. त्यांनी नियमावली काढली, चष्मा बदलला आणि मान हलवली. वजन बांधणं हा वाहनातला बदल. बदल केला म्हणजे परवाना रद्द.

"तांदूळ आहे, हेर फ्लूगर! तांदूळ!"

"हो, हो. पण बांधलेला तांदूळ," हेर फ्लूगर म्हणाले. त्यांचं म्हणणं नियमाला धरून होतं, आणि नियमाला धरून असलेल्या माणसावर ओरडण्यासारखं दुसरं दुःख नाही.

शनिवारी राजानंद न जेवता घरून निघाला. अरुणाने ताट वाढलं होतं. ते तसंच ठेवून तो दार आपटून गेला. दुसऱ्या सेकंदाला परत येऊन त्याने दार हळू लावलं, खालच्या बाईंची दुपारची वेळ होती म्हणून. या हळू लावलेल्या दाराने त्याच्या संतापाचा पार विचका झाला. तासाभराच्या ड्रायव्हिंगमध्ये तो एकटाच बडबडत राहिला. नको मला किल्ली, नको ती पट्टी, उपटून घ्या म्हणावं. पण किल्ली हवी होती. इतकी हवी होती, की त्याचाही त्याला राग आला.

कुरणात बर्फ गुडघाभर होतं. पलीकडच्या टोकाला, दुसऱ्या काठीशी, लाकडी घरासमोर सगळे जमले होते. हेर फ्लूगर दोरी घेऊन, फ्राउ क्युन्झ्ले वही घेऊन, आंद्रेआस दोन्ही हात खिशात घालून. आदल्या रात्री तिथेच राहिलेल्या क्रांतीजवळ मैत्री उभी होती. तिला सकाळीच सरावासाठी फेराइनच्या मुलांबरोबर आणलं होतं. या टोकाला, गाडीतळाजवळ, राजानंद एकटा. त्याने परीक्षेपुरत्या मिळालेल्या जादा किल्लीने इंजिन चालू केलं, फळ्यांवर उभा राहिला, पुस्तकातलं सत्तेचाळिसावं पान आठवलं, आणि मागून हाक आली.

"अहो! थांबा!"

अरुणा. एका हातात डबा, दुसऱ्या हातात मफलर. सुधीरच्या गाडीतून आली होती. सुधीर लांबूनच कंबर हलवून काहीतरी सुचवत होता.

"तू कशाला आलीस इथे?"

"न जेवता निघालात. डबा आणला."

"परीक्षा आहे माझी! डबा कसला?"

"तुमची परीक्षा तिकडे संपणार ना? मलाही तिकडेच जायचंय. या बर्फातून चालत जाऊ का मी, माझ्या गुडघ्यांनी? सोडा मला तिकडे."

"अगं ही रिक्षा आहे का?"

पण अरुणा बसलीसुद्धा. रिकाम्या सीटवर, नेहमीच्या सवयीने, दोन्ही पाय डावीकडे सोडून, डबा मांडीवर, एक हात त्याच्या जाकिटाच्या पट्ट्यात. "चला," ती म्हणाली. "आणि आधी सांगते, कढीपत्त्याचं मी अजून काही बोललेले नाही."

"मग बोल ना! तेवढंच राहिलंय!"

असं म्हणून राजानंदने रेस दिली आणि गाडी निघाली. पुढचा अर्धा किलोमीटर तो भांडत होता. मान मागे वळवून वळवून भांडला. कढीपत्ता, सुधीर, बुटाची टाच, तिच्या बहिणीची जीभ, सगळं काढलं. अरुणानेही नऊ हिवाळ्यांचे शनिवार काढले, ज्या दिवशी ती घरात एकटी बसली होती ते. सत्तेचाळिसावं पान, कंबर, हँडल, काही त्याच्या ध्यानात राहिलं नाही. दुसरी काठी समोर आली तेव्हा तो थांबला, तेही वाक्य पूर्ण करूनच.

हेर फ्लूगर वाकले, एक डोळा मिटला, चर पाहिला. मग आंद्रेआसला दोरी घेऊन पार पहिल्या काठीपर्यंत पिटाळलं, दोरी ताणली आणि पुन्हा वाकले.

"श्नुअरगेराडं," ते म्हणाले.

राजानंदचा विश्वास बसायला वेळ लागला. मग तो सगळ्यांवर बरसला. गाडी इतके दिवस मुद्दाम करत होती, आज तिला कळलं कोण चालवतंय ते, द्या किल्ली. पण हेर फ्लूगर पडले मोजणी खात्यातले. मागे माणूस होतं, हे नोंदीत कसं बसणार? एकदा एकट्याने, म्हणाले. राजानंद छाती काढून एकटा निघाला, चाळीस पावलांवर गाडी उजवीकडे वळली आणि तो खड्ड्यात गेला. खड्डाही तोच होता. पुन्हा अरुणाला बसवून पाहिलं. रेघ सरळ.

क्रांती बर्फात बसली आणि पोट धरून हसू लागली.

"ताई, औरंगाबादला तू स्कूटरवर अशीच बसायचीस ना? एका बाजूला पाय टाकून?"

"मग काय? साडीत आणखी कशी बसणार? चौदा वर्षं."

"आणि भाजीच्या पिशव्या?"

"त्याही डावीकडेच."

क्रांतीने डोळे पुसले. "भाऊजी, ती डावीकडे बसायची म्हणून तोल सांभाळायला तुम्ही उजवीकडे झुकायचात. चौदा वर्षं झुकलात. इथे येऊन स्कूटर गेली, ताई उतरली, पण तुम्ही सरळ झालाच नाहीत. जुनी गाडी रुंद होती, तिला कळलं नाही. हिला कळलं."

राजानंदला एकदम सगळंच दिसलं. फोटो, बुटाची टाच, कढीपत्ता. हसायला हवं होतं, पण त्याला भयंकर राग आला. दोन महिने तो यंत्राशी, हॉटेलवाल्याशी, सुधीरशी, अख्ख्या जर्मनीशी भांडला, आणि आता भांडायला समोर कुणी उरलंच नव्हतं. त्यातून अरुणा समजुतीच्या सुरात म्हणाली, "अहो, मग सोपं आहे. जरा सरळ उभे राहा ना."

"सरळ?" राजानंद एवढ्या मोठ्याने ओरडला की झाडांवरचं बर्फ पडलं. "चौदा वर्षं तुला मागे घेऊन फिरलो. तू पडू नयेस म्हणून हाडं वाकली माझी! ती आता दोन ते तीनच्या दरम्यान सरळ होणार आहेत का? अगं, तू बसलीस की मी सरळच जातो!"

मराठी कळणारी तिथे चारच माणसं होती, पण सूर सगळ्यांना कळला. फ्राउ क्युन्झ्लेंनी मैत्रीकडे पाहिलं, आणि त्या पोरीने, जी बापाशी चार शब्द मराठीत बोलत नाही, त्याचं अख्खं वाक्य जर्मनमध्ये सांगितलं. एकही शब्द न गाळता, आणि शेवटी आवाज जरा कापरा करून. फ्राउ क्युन्झ्लेंनी चष्मा काढून पुसला. अरुणा डब्याचं झाकण उगाचच घट्ट करत राहिली.

हेर फ्लूगरांनी घसा साफ केला, नियमावली काढली आणि बराच वेळ शोधलं. वजन बांधणं हा बदल, हे खरं. पण गाडीच्या कागदांवर मागे एक माणूस नेण्याची परवानगी होती आणि पत्नी बांधलेली नव्हती. सबब हा वाहनातला बदल नव्हे. चालक पात्र. फ्राउ क्युन्झ्लेंनी तिथेच वहीत नोंद केली आणि वाचून दाखवली : 'हेर वाघमारे सरळ जातात, पत्नी बसलेली असल्यास. पत्नी डावीकडे.' कुणाची हरकत?

"माझी!" राजानंद म्हणाला. "हे असं कसं लिहिता? लोक काय म्हणतील?"

दुरुस्ती पुढच्या वार्षिक सभेत, लेखी अर्जावर, असं त्याला सांगण्यात आलं. मग हेर फ्लूगर आत जाऊन खिळ्यावरची किल्ली घेऊन आले. राजानंदने हात पुढे केला. ते त्याच्यासमोर थांबले, वहीतली नोंद त्यांनी मनातल्या मनात पुन्हा एकदा तपासली असावी, आणि किल्ली त्यांनी अरुणाच्या हातात दिली.

अरुणाने ती पर्समध्ये टाकली, सीटवर बसली, पाय डावीकडे सोडले.

"उद्या पोरीची शर्यत आहे. पाच किलोमीटर ओढायचंय," ती म्हणाली. "उभे काय राहिलात? चला. आणि जाताना जेवून घ्या."

राजानंद रागाने थरथरत फळ्यांवर चढला, थोडासा उजवीकडे झुकला, आणि गाडी सरळ निघाली.